पोराकेच्या डोहावरची देउझारीना

देउझारीनाशी भांडण काढायच्या आधी आमच्या वस्तीत माणूस दोनदा विचार करतो. ती फार ओरडते किंवा अंगावर धावून येते असं नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, हा खरा त्रास आहे. भांडण मिटलं असं समजून आपण सकाळी कॉफी घेऊन दारात बसावं, तर हिची होडी घाटाला लागलेली. "काल तू एक शब्द बोललास," अशी सुरुवात होते आणि मग ऊन डोक्यावर येईपर्यंत सुटका नसते. चॅपेलला निळा रंग द्यायचा की पिवळा, यावरून तिने पाद्रीबाबांना असं घोळात घेतलं होतं, की पुढच्या वेळी ते बिचारे दोन्ही डबे घेऊन आले.

बुटकी, रुंद बांध्याची बाई. डोक्यावर कायम पुरुषाची गवती टोपी, हनुवटीखाली दोरीने बांधलेली. ही टोपी तिच्या नवऱ्याची, जोविनोची. तिचं खांबांवरचं घर वस्तीपासून दूर, तळ्याच्या पार आतल्या टोकाला, पोराकेच्या डोहावर आहे. तिथं दुसरं घर नाही, आणि कुणी बांधणारही नाही. अॅमेझॉनचा पूर ओसरला की आमचं तळं आटत जातं आणि शेवटी त्या डोहापुरतं पाणी उरतं. त्या डोहात पोराके असतात.

पोराके म्हणजे माणसाच्या मांडीएवढा जाड, चिखलाच्या रंगाचा, वामीसारखा लांबलचक मासा. खवले नाहीत, खाण्यात मजा नाही, आणि अंगात वीज. त्याने झटका दिला की पाय लुळे पडतात, आणि चांगला पोहणारा गडी कमरेएवढ्या पाण्यात तोंडावर पडून बुडतो. पोराके दिसला की मारायचा, ही शिकवण आमच्या पोरांना चालायला लागायच्या आधीच मिळते.

जोविनो असाच गेला. ही जुनी गोष्ट, देउझारीना तेव्हा पोटुशी होती. जोविनो आणि त्याचा थोरला भाऊ नाझारेनो, दोघं आईच्या गुडघ्यांना चोळायला पोराकेची चरबी आणायला डोहावर गेले. या शिकारीची आमची रीत ठरलेली आहे. काठावरून लांब काठ्यांनी पाणी झोडपायचं, पोराकेला डिवचत राहायचं. तो चिडून झटक्यामागून झटके सोडतो आणि शेवटी गळाठतो. बॅटरी संपली, असं आम्ही म्हणतो. मग उतरायचं आणि सुऱ्याने काम उरकायचं. त्या दिवशीही पोराके गळाठला. जोविनो उतरला आणि तोंडावर पडला. नाझारेनोने दोरीचा फास टाकून त्याला ओढून काढलं, तोवर उशीर झाला होता.

प्रेत घरी आलं तेव्हा टोपी दोरीने गळ्यात लोंबत होती. देउझारीनाने स्वतः अंग धुतलं, टोपी पुसली. टोपीच्या पट्टीत एक अर्धी विडी खोचलेली होती, झाडाच्या सालीत वळलेली, पाण्याने फुगलेली. जोविनोला विडी वळता येत नसे. ती नाझारेनोच्या हातची होती. तिने ती चुलीत टाकली आणि नंतर तिचा विचारही केला नाही.

सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला सगळी वस्ती जमली असताना नाझारेनो उठून म्हणाला, "माझ्या भावाची चूक नव्हती. तो पानेमा झाला होता."

हा शब्द आमच्याकडे कुणी हसण्यावारी नेत नाही. गरोदर बाईने नवऱ्याच्या भाल्यावरून किंवा जाळ्यावरून पाय टाकला की तो पानेमा होतो. त्याच्या हाताला मासा लागत नाही आणि पाणी त्याच्यावर उलटतं. नाझारेनोने पुढे काही म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, सगळ्यांच्या नजरा देउझारीनाच्या पोटावर गेल्या.

"मी भाल्यावरून पाय टाकला? कुणी पाहिलं?" तिने विचारलं.

"पाहायला कशाला पाहिजे?" नाझारेनो म्हणाला. "झालं ते समोर आहे."

"भाऊजी, तुम्ही काठावर होतात. मी घरी होते. आणि पाप माझं?"

कुणी तिची बाजू घेतली नाही. बायका होडीत तिच्या शेजारी बसेनाशा झाल्या, पुरुष जाळी घराच्या मागच्या बाजूला वाळत घालू लागले. दुसरी एखादी माहेरी निघून गेली असती. ही बाळंतपण होताच पोर पाठीला बांधून, घराच्या फळ्या सोडवून, होडीत घालून डोहावर राहायला गेली. ज्या पाण्याने नवरा नेला, त्याच्याच काठावर.

"वेडी आहेस का? तिथं पोराके आहेत," शेजारणीने काठावरून हाक मारली.

"असू देत. ते झटका समोरून देतात."

तिथं तिने एकटीने मासे धरले, कोंबड्या पाळल्या आणि मुलाला वाढवलं. तो आता मानाउसला बोटीवर इंजिन सांभाळतो आणि आईला तिकडे बोलावून थकला आहे. पोराके तिने कधी मारला नाही. त्यांच्यावर तिचं प्रेम होतं असं कुणी समजू नये, ती त्यांना सकाळ-संध्याकाळ शिव्या घालते. पण त्यांच्या धाकाने डोहात कुणी जाळं टाकत नाही, हे तिने पहिल्याच उन्हाळ्यात पाहिलं होतं. तांबाकी माशांच्या मोठ्या माद्या त्या डोहात जीव धरून राहतात, पूर आला की बाहेर पडतात, आणि पुढे वर्षभर आमची सगळी वस्ती त्यांच्या पिलावळीवर जगते. हे आम्हालाही कळत होतं. पण ते तोंडाने कबूल करायचं म्हणजे देउझारीनाचं बरोबर म्हणायचं, आणि तेवढा दिलदार आमच्यात कुणी नव्हता.

नाझारेनोची धाकटी मुलगी लुसिवाने बेलें शहरात शिकायला गेली आणि अभ्यासाला तिने नेमका पोराके घेतला. बापाने ऐकलं तेव्हा तो भरल्या ताटावरून उठला. सुट्टीत ती दोन तारा आणि एक जुना स्पीकर घेऊन आली ती घरी न जाता सरळ काकीच्या दारात.

"काकी, मला डोहात तारा सोडायच्यात."

"सोड. बापाला विचारलंस?"

"नाही."

"मग बस. कॉफी टाकते."

तारा पाण्यात गेल्या आणि स्पीकर टक टक करायला लागला. पोराके अंधारात काठीने चाचपावं तसे हलके ठोके सोडून वाट शोधतो, मोठा झटका तो राखून ठेवतो, असं लुसिवानेने सांगितलं. देउझारीनाने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं शेजारी राहतोय, आज तोंड उघडलं मेल्याने."

दुसऱ्या दिवशी दोघी होडीतून डोहात फिरत होत्या. देउझारीनाची होडी कायमची गळकी. वाळल्या भोपळ्याच्या वाटीने ती पाणी उपसत होती आणि तारा धरून बसलेली लुसिवाने तिच्याकडे बघत होती.

"काकी, तू आता जे करतेस ना, तेच पोराके दिवसभर करतो."

"माझी होडी गळकी आहे. त्याचं काय गळतंय?"

"अंग. डोकं, पोट, आतडी सगळं पुढच्या एवढ्याशा भागात कोंबलेलं. मागे उरलेलं सगळं विजेचं कोठार. त्यात चपट्या पेशी असतात, बेइजूची चवड लावावी तशा एकीला लागून एक."

बेइजू म्हणजे आमच्याकडच्या कंदाच्या पिठाच्या पातळ भाकऱ्या. देउझारीनाला चवड लगेच डोळ्यांपुढे आली. "बरं, मग?"

"एकेक पेशी म्हणजे एकेक होडी समज. बाहेर सोडियम असतं, आपल्या मिठातलं. ते सारखं आत झिरपतं. पेशी ते उपसून बाहेर टाकते, आणि पोटॅशियम, केळ्यात असतं ते, आत ओढून घेते. तीन बाहेर, दोन आत. तीन बाहेर, दोन आत. जिवंत आहे तोवर थांबायचं नाही."

"कशाला एवढी मरमर?"

"त्याशिवाय वीज कुठली? उपसून उपसून बाहेर सोडियमची ही गर्दी होते, सगळं आत घुसायला टपलेलं. पेशीच्या एका अंगाला नस येऊन टेकते. डोक्यातून हुकूम सुटला की त्या अंगाची दारं उघडतात आणि सोडियम धाडकन आत येतं. दुसऱ्या अंगाची दारं बंदच. म्हणून सगळा जोर एकाच दिशेला लागतो. एका पेशीचा जोर मुंगीलाही कळणार नाही. पण अशा हजारो रांगेत, आणि सगळ्यांची दारं एकदम उघडायची."

"एकदम कशी उघडतील? आपल्या वस्तीत चार माणसं एका वेळी होडी ढकलत नाहीत."

लुसिवाने हसली. "जवळच्यांना हुकूम मुद्दाम रेंगाळत पोचतो, लांबच्यांना झटपट. म्हणून सगळ्या बरोबर एका वेळी."

"म्हणजे माशाला आपल्यापेक्षा अक्कल आहे म्हण की. आणि तो दमतो म्हणजे काय होतं?"

"दारं पुन्हा पुन्हा उघडली की आत सोडियम साठतं आणि उपसा मागे पडतो. होडी भरते. मग गप्प राहतो."

"बॅटरी संपते."

"नाही ना, काकी! सगळे तेच म्हणतात. बॅटरी संपली की संपली. हा जिवंत आहे. गप्प बसलाय म्हणजे आत उपसत बसलाय. वर येऊन तोंडाने हवा घेतो आणि पुन्हा उपसतो."

"किती वेळ लागतो?"

"सगळी ताकद परत यायला बराच. पण माणसाचे पाय लुळे करण्यापुरती? माणूस जरा टेकून दम खातो ना, तेवढ्यात येते."

देउझारीनाचा हात थांबला. होडीतलं पाणी तिच्या घोट्यापर्यंत चढलं तरी वाटी तशीच हातात. तिला ती अर्धी विडी दिसत होती. दोघं भाऊ काठावर टेकले होते. पाणी शांत झाल्यावर त्यांनी विडी पेटवली होती, आणि डोहातला तो मासा तेवढ्या वेळात गुपचूप आपलं काम करत होता. नाझारेनोला विडी आठवत नसेल असं कसं होईल? इतक्या वर्षांत त्याने त्या विडीचं नाव काढलं नव्हतं. पानेमाचं मात्र काढलं. तिला सणसणून राग आला.

"काकी, होडी भरतेय."

"भरू दे," देउझारीना म्हणाली, आणि जरा वेळाने पुन्हा उपसायला लागली. पोरीसमोर तिच्या बापाबद्दल काय बोलायचं? आणि वस्तीत जाऊन नुसतं सांगितलं असतं तर कोण ऐकणार होतं? पानेमा बाईच्या शब्दाला वजन नसतं.

पुढे एक उन्हाळा असा आला की तळ्याचा तळ भेगाळला. पलीकडच्या म्हशींच्या मोठ्या गोठ्याचं पाणी संपलं आणि तिथला मुकादम जेर्वाझियो घोड्यावरून वस्तीत आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. डोहात पाणी आहे, पण पोराकेंमुळे म्हशी उतरत नाहीत. वस्तीने पोराके मारून डोह मोकळा करून द्यावा. बदल्यात मालक उन्हाळाभर जनरेटरला डिझेल देतील.

चॅपेलमध्ये सभा भरली. डिझेल म्हणजे दिवे, दिवे म्हणजे टीव्ही, आणि फुटबॉलचे सामने तोंडावर आलेले. निकाल काय लागणार हे देउझारीनालाही दिसत होतं. तरी ती उभी राहिली.

"म्हशी उतरल्या की डोहाचा चिखल होईल. तांबाकीच्या माद्या त्यात गुदमरतील. पुढच्या पुराला तळ्यात काय धराल, शेण?"

लोक हसले आणि हात जेर्वाझियोच्या बाजूने वर गेले. हसण्याचा आणि हात वर करण्याचा आमच्याकडे काही संबंध नसतो.

मग नाझारेनो उठला. म्हातारा झाला होता, पाठ वाकली होती. त्याने कापडात गुंडाळलेला लांब सुरा पुढे केला. ज्याचं माणूस पोराकेने नेलं, पहिला वार त्याचा, ही आमची रीत. "देउझा, पहिला वार तुझा," तो म्हणाला. त्याला बहुधा वाटलं असावं की आपण तिला मोठा मान देतोय.

देउझारीनाने सुऱ्याकडे पाहिलं, हात पुढे केला नाही. "डोहावर पुशिरुम करणार ना? माझं घर सगळ्यांत जवळ. मग स्वयंपाक माझा."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बाई नरमली, असं जो तो म्हणाला. पुशिरुम म्हणजे सगळ्या वस्तीने एका कामाला मिळून हात लावणं. त्यात दोन गोष्टी मोडायच्या नसतात. चूलवालीने पातेल्यावर पळी आपटली की हातातलं टाकून जेवायला यायचं, तिला ताटकळत ठेवायचं नाही. आणि ज्या चुलीचं खाल्लं, त्या चुलीच्या कामाला सूर्य बुडेपर्यंत बांधील राहायचं. एकदा एक जण जेवून गुपचूप सटकला, तर त्याच्या नातवांनासुद्धा आम्ही अजून 'पळपुटे' म्हणतो.

ठरलेल्या दिवशी सकाळीच सगळे काठ्या घेऊन डोहावर जमले. मागे जेर्वाझियो घोड्यावर, त्याच्या मागे तहानलेल्या म्हशींचा कळप. पाणी झोडपायला सुरुवात झाली. पोराके उसळले, वळवळले, पाणी नुसतं खदखदलं. गड्यांच्या अंगाला घाम फुटला तेव्हा कुठे डोह शांत झाला.

ठण्ण, ठण्ण, ठण्ण. देउझारीनाने पातेल्यावर पळी आपटली.

"कॉफी, बेइजू! गरम आहे तोवर या!"

गेले सगळे. रीतच ती. फुंकून फुंकून कॉफी प्यायले, बेइजूवर लोणी चोपडून खाल्लं. परत येऊन काठी घातली तर डोह पुन्हा उसळला.

"हे दुसरे असतील," एक जण म्हणाला. "खाली दबा धरून बसलेले."

पुन्हा झोडपलं. पुन्हा डोह शांत झाला आणि पुन्हा पळी वाजली. आता निखाऱ्यावर भाजलेले अकारी मासे होते, कवचासकट, वर मिरची-लिंबाचं पाणी आणि भाजलेल्या कंदाचा रवा. अकारी गार झाला की चामडं होतो, तो ठेवून कुणाला येता येत नाही. बोटं चाटत परत आले आणि पाहतात तर डोहात पुन्हा तेच. जेर्वाझियो घोड्यावरून खाली उतरला.

"तुम्ही मारायला आलात की गिळायला?"

"मुकादम, तुम्ही पण या ना," देउझारीना घरातून ओरडली. "पाहुण्याने उपाशी राहिलेलं आमच्याकडे चालत नाही."

तिसऱ्यांदा पळी वाजली तेव्हा तिने आसाईच्या फळांचा दाट जांभळा रस काढला होता. जेर्वाझियोही शेवटी आला आणि दोन वाट्या प्यायला. आसाई पोटात गेली की डोळे जड होतात. दोघं-तिघं तर सावलीला लवंडलेच. देउझारीना पायरीवर बसून डोहाकडे पाहत होती. एकेक पोराके तोंड वर काढत होता, हवा घेत होता आणि खाली जात होता. उपसा चालला होता.

"आता पुरे," जेर्वाझियो म्हणाला. "सकाळपासून झोडपताय. मासे मेल्यात जमा आहेत. उतरा कोणीतरी."

पहिला वार देउझारीनाने घेतला नव्हता, म्हणून तो आता नाझारेनोकडे आला. म्हाताऱ्याने विजार गुडघ्यावर दुमडली, सुरा हातात घेतला आणि काठाच्या चिखलात पाऊल टाकलं. पुढचं पाऊल पाण्यात पडणार होतं.

एक क्षण देउझारीनाच्या मनात आलं, जाऊ दे. तिने हा विचार पुढे कधी लपवला नाही. ज्याने आपल्याला उभ्या वस्तीत पानेमा केलं, तो आपल्या पायाने जातोय, आपण फक्त गप्प बसायचं. पण ती उठली होती, आणि धावत जाऊन त्याच्यापुढे आडवी उभी राहिली होती.

"भाऊजी, पाय मागे घ्या."

"बाजूला हो."

"नाही होत. ते दमलेले नाहीत. तुम्ही जेवलात तेवढा वेळ त्यांनाही मिळाला."

जेर्वाझियो मोठ्याने हसला. "बाई, बॅटरी संपली की संपली."

"मग तुम्ही उतरा."

तो उतरला नाही. पण माघार घेणंही त्याला जमेना. इतक्या लोकांसमोर बाईमाणसाचं ऐकायचं कसं? "माणूस कशाला? जनावरच दाखवेल," असं म्हणून त्याने कळपाच्या म्होरक्या रेड्याला काठीने पुढे हाकललं. तो तहानलेला काळा डोंगर गुडघाभर पाण्यात गेला, मान खाली घातली, नाकपुड्या पाण्याला टेकल्या. आणि असा हंबरला की झाडावरचे बगळे उडाले. मागचे पाय लटपटले, चिखलात बसला, कसाबसा उठला आणि जीव घेऊन उलटा पळाला. त्याच्या मागे सगळा कळप उधळला, आणि कळपाच्या मागे शिव्या देत जेर्वाझियो, घोडा तसाच झाडाला बांधलेला ठेवून.

हसू कुणालाच आलं नाही. नाझारेनो आपल्या चिखलातल्या पावलाकडे बघत होता.

"भाऊजी," देउझारीना म्हणाली, "त्या दिवशी पाणी शांत झाल्यावर तुम्ही दोघांनी काय केलंत?"

त्याने कोरडाच सुरा विजारीला पुसला.

"मी सांगते. टेकून विडी ओढलीत, तुम्ही वळलेली. उरलेली याच टोपीच्या पट्टीत खोचलेली होती. अंग मी धुतलं त्याचं, मला ठाऊक आहे. आपण दम खाल्ला की त्यालाही दम मिळतो. तुमच्या पोरीनेच शिकवलं मला हे. तुम्हाला विडी आठवत नव्हती?"

मग नाझारेनो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "पुरी नव्हती ओढली. अर्धीच. बाकीची चरबी काढल्यावर ओढू म्हणाला."

देउझारीनाला वाटलं होतं, हे ऐकायला मिळालं की आपण मटकन खाली बसू आणि रडू. तसं काही झालं नाही. ती सरळ उभी राहिली.

"मग पानेमा कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

"सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"कुणी नव्हतं!" म्हातारा ओरडला. "कुणी पानेमा नव्हतं! मीच म्हटलं होतं थांब जरा, विडी ओढू. मीच!"

बायकांनी माना खाली घातल्या. होडीत हिच्या शेजारी न बसणाऱ्या त्याच, केस पिकलेल्या. देउझारीनाने त्यांच्यातल्या एकेकीकडे नीट पाहून घेतलं. माफ केलं वगैरे काही ती म्हणाली नाही. मग कमरेवर हात ठेवून वळली.

"चला, सूर्य अजून वर आहे. तीनदा खाल्लंत माझ्या चुलीचं. काम मी सांगीन ते."

"म्हणजे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे खुंटे तोडा आणि डोहाला कुंपण घाला. म्हशीचं नाक आत येता कामा नये."

"आणि जेर्वाझियो परत आला तर?"

"घोड्यासाठी येईलच. त्याने दोन वाट्या आसाई प्यायलीय. त्याच्याही हातात खुंटा द्या."

कुणी वाद घातला नाही. वाद घातला असता तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आली असती. रीत मोडून पळपुटा व्हायची कुणाची तयारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. पोराके मारायला आणलेल्या सुऱ्यांनी खुंटे तोडले गेले. जेर्वाझियोच्या हातात खुंटा द्यायचा धीर मात्र कुणाला झाला नाही. तो घोडा सोडून न बोलता निघून गेला. डिझेल आलं नाही. उन्हाळाभर वस्ती अंधारात राहिली, सामने बुडाले आणि त्या सगळ्या शिव्या देउझारीनाला बसल्या. पुढे पूर आला, डोहातून तांबाकी बाहेर पडल्या आणि तळं माशांनी भरलं, तेव्हा शिव्या थांबल्या. आभार कुणी मानले नाहीत. तिला ते अपेक्षितही नव्हतं.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी शेवटचा खुंटा ठोकून झाला आणि लोक होड्यांकडे निघाले, तेव्हा नाझारेनो एकटाच काठावर बसून राहिला. त्याने खिशातून तंबाखू काढली, सालीत वळली आणि विडी पेटवली. काही झुरके घेतले. डोहात एका पोराकेने तोंड वर काढून हवा घेतली आणि तो खाली गेला. नाझारेनोने जुन्या सवयीने विडी चिमटीत विझवायला घेतली, उरलेली टोपीत खोचायला.

देउझारीना मागे पातेली घासत होती. तिथूनच तिने आवाज दिला.

"पुरी ओढा, भाऊजी. आज कुणाला आत उतरायचं नाही."